रॅम्पंट, पासंट, गार्डंट... ढालीवरच्या सिंहांची ही भाषा कशी लक्षात ठेवायची?

प्रश्न: युरोपातल्या राजचिन्हांबद्दल वाचतेय आणि प्रत्येक सिंहाला वेगळाच शब्द, पार गोंधळ उडालाय. इंग्लंडचे सिंह आणि स्कॉटलंडचा सिंह यात नेमका फरक काय?

उत्तर १: आधी अंग बघा, मग तोंड, म्हणजे सोपं जातं. स्कॉटलंडचा लाल सिंह मागच्या पायावर उभा, पुढचे पंजे हवेत, झडप घालायच्या बेतात, तो रॅम्पंट. इंग्लंडचे तिघे सोनेरी, एकाखाली एक, चालतायत आणि पुढचा उजवा पंजा उचललेला, ते पासंट. पण त्यांनी तोंड आपल्याकडे वळवलंय ना, म्हणून पासंट गार्डंट. मागे वळून बघत असेल तर रिगार्डंट. बसलेला सेजंट, आडवा पण मान वर असेल तर काउचंट, आणि डोकं पंजांवर टेकून झोपला की डॉर्मंट. बहुतेक शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेत.

उत्तर २: भर घालतो, फ्रेंच पद्धतीत चालणाऱ्या, समोर बघणाऱ्या सिंहाला चक्क लेपर्ड म्हणतात, ठिपके वगैरे काही नसतात! आणि हरणाला हे शब्द चालत नाहीत, चालणारं हरीण ट्रिपंट, बसलेलं लॉज्ड. मला हेच फार आवडतं, प्रत्येक प्राण्याचा मान राखलाय.

प्रश्नकर्ती: वा, आता चित्र डोळ्यासमोर आलं! पण पुस्तकात उजवीकडे म्हटलंय आणि सिंह तर डावीकडे बघतोय?

उत्तर १: उजवी बाजू ढाल धरणाऱ्याची, बघणाऱ्याची नाही.