मदत हवी आहे : लाइनवर हात झोपतो, सोमवारपासून रात्रपाळी

चुकार_खिळा
कारखान्यात टेंपररी म्हणून असेंब्ली लाइनवर लागून 3 आठवडे झाले. हात झोपतो. झटकला की मुंग्या येतात, मग बरं वाटतं. सोमवारपासून रात्रपाळी. काय करू? लवकर सांगा. 'डॉक्टरकडे जा' नको.

रातकिडा
पहाटे घरी जाताना काळा गॉगल लावा, उजेड डोळ्यांत गेला की झोप उडते. पाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी बंद. खोलीला जाड पडदा.

तिरपा_पाना
अहो, हात झोपतो म्हणताहेत ते, माणूस नाही!
खिळा, लाइनवर स्टेशन कुठलं, म्हणजे काम कसलं? बोटं कुठली?

चुकार_खिळा
स्क्रूचं. बोटं सगळीच.

तिरपा_पाना
सगळी नसावीत. रात्री जाग आली की करंगळी चिमटून बघा.

ग्रीसमाखे
जाड हातमोजे घाला, विषय संपला. आमची हयात लाइनवर गेली.

तिरपा_पाना
स्क्रू गनच्या फिरत्या बिटजवळ (टोकाजवळ) जाड मोजे? गुंडाळला गेला तर बोट घेऊन जाईल. शिवाय जाड मोज्यात गन अजून आवळून धरावी लागते.

ग्रीसमाखे
माझी दहाही बोटं शाबूत आहेत.

बदली_कामगार
काहीही करा, सुपरवायझरला सांगू नका. टेंपररीला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतात. स्वानुभव.
अवांतर: इथे टेंपररीचा पर्मनंट झालेला कोणी आहे का?

चुकार_खिळा
करंगळी ठीक आहे. अंगठा आणि त्यापुढची दोन. गन पिस्तुलासारखी, स्क्रू वरून खाली मारायचे, कोपर खांद्याइतकं वर जातं. 40 सेकंदांत 6 स्क्रू.

तिरपा_पाना
हे आधी सांगायचं ना राव! म्हणजे तासाला 540 वेळा मनगट मोडून ट्रिगर दाबताय. मनगटातून जाणारी नस दबत असणार, बोटं तीच आहेत. पिस्तूल गन उभ्या बाजूला मारायला. आडव्या टेबलावर वरून मारायचं तर सरळ दांड्याची, वर बॅलन्सरला (गनचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगला) टांगलेली. ती मागा. झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधा. आणि चिमटीतून स्क्रू निसटायला लागले तर डॉक्टरकडे जा, रागावलात तरी.

चुकार_खिळा
सरळवाली शेजारच्या स्टेशनला आहे. तो पर्मनंट आहे, हात लावू देत नाही.

ग्रीसमाखे
मग पातळ मोजे घाला.

रातकिडा
गॉगलचं मात्र बघाच.