मॅनेजर 'अंडर मी' म्हणाला की 'विथ मी', फरक पडतो का?

निशिगंधा_०७: परवा क्लायंटबरोबर कॉल होता, आमच्या मॅनेजरने माझी ओळख करून दिली, "शी वर्क्स अंडर मी". लगेच पलीकडची लंडनची बाई आपल्या ज्युनिअरबद्दल म्हणाली "शी वर्क्स विथ मी", आणि मला जे टोचलं ते अजून जात नाहीये. मला वाटतं इंग्लिश बोलताना माणूस कुठलं प्रिपोझिशन उचलतो त्यावरून त्याच्या पोटातलं कळतं. बॉल थ्रो टू हिम म्हणजे झेलायला टाकला, थ्रो ॲट हिम म्हणजे नेम धरून मारला. शाउट टू म्हणजे लांबून हाक देऊन सांगणं, शाउट ॲट म्हणजे अंगावर ओरडणं. क्रियापद तेच, हेतू पार वेगळा. पटतंय का?

खडूस_काका: नाही पटत. मॅनेजर मराठी आहे ना? मग डोक्यात "माझ्या हाताखाली" आलं आणि तोंडातून अंडर मी बाहेर पडलं, संपला विषय. प्रिपोझिशन बऱ्याचदा नुसती सवय असते हो. ब्रिटिश ॲट द वीकेंड म्हणतो, अमेरिकन ऑन द वीकेंड, लोळतात दोघंही सारखेच. न्यूयॉर्कवाले रांगेत उभं राहण्याला ऑन लाइन म्हणतात, बाकी अमेरिका इन लाइन. ह्यात कसला आलाय छुपा अर्थ?

चहाबिस्किट: काका वीकेंडचं मान्य, पण २०२० मध्ये ब्रिटनमध्ये डाइड ऑफ कोविड की डाइड विथ कोविड ह्यावरून केवढी जुंपली होती. ऑफ म्हणजे कोविडनेच गेला, विथ म्हणजे गेला तेव्हा कोविड होता, कारण कदाचित दुसरंच. आधी इंग्लंडच्या आकड्यात एकदा पॉझिटिव्ह आलेला माणूस पुढे कधीही नि कशानेही गेला तरी धरायचे, ऑगस्टमध्ये २८ दिवसांची मर्यादा घातली आणि देशाचा आकडा एका झटक्यात ५ हजारांहून जास्त खाली आला. दोन अक्षरी शब्द, पण कोण कुठल्या बाजूचा ते त्यावरून ओळखू यायचं.

खडूस_काका: तिथे लोक शब्द मोजूनमापून वापरत होते. मी रोजच्या बोलण्याचं म्हणतोय.

डोंबिवली_फास्ट: रोजचंच घ्या मग. चार्ल्स फिल्मोर म्हणून अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ होते त्यांचं उदाहरण आहे, मुलं ऑन द बस खेळतायत म्हणजे बस चालू आहे, कुठेतरी निघालीये. भंगारात पडलेल्या बसमध्ये खेळत असतील तर इन द बस.

खडूस_काका: वा! म्हणजे स्वारगेटला चढून घरी "आय ॲम इन द बस" टाइप करणारे सगळे भंगारात बसलेत? (काही गाड्या बघून हो म्हणावंसं वाटतं, ते सोडा.)

डोंबिवली_फास्ट: 😂 अहो पण मुद्दा तोच आहे ना, ज्याच्या जिभेवर दोन्ही शब्द आहेत त्याने एक टाकून दुसरा घेतला तरच त्यात काहीतरी आहे. आपल्याकडे बसमध्ये, ट्रेनमध्ये, कारमध्ये, दुचाकी सोडली तर सगळीकडे मध्येच, म्हणून सगळीकडे इन. त्यावरून फार तर मातृभाषा कळेल, मनातलं नाही. निशिगंधाताई, मॅनेजर दुसऱ्या कोणाला विथ मी म्हणतो का बघा, म्हणत असेल तर काकांची सवयवाली थिअरी गेली.

निशिगंधा_०७: म्हणतो ना! त्याच कॉलवर, टीममधल्या एका मुलाला "ही वर्क्स विथ मी".

खडूस_काका: हे आधी सांगायचं. तो मुलगा सिनिअर असेल. रिपोर्टिंग ह्यालाच आहे का त्याचं?

निशिगंधा_०७: ह्यालाच. आणि माझ्यानंतर लागलाय.

चहाबिस्किट: काका, बोला आता.

खडूस_काका: माणूस भेदभाव करतो एवढं मान्य. पण त्यात इंग्लिश प्रिपोझिशनचा काय पराक्रम? मराठीत बोलला असता तरी हिला "हाताखाली" नि त्याला "बरोबर" म्हणालाच असता.