मदत हवी आहे: दहा मितींच्या खोक्यातला मधला गोल भिंतीबाहेर कसा जातो?

नमस्कार. मी शाळेत गणित शिकवते आणि रविवारी नववी-दहावीच्या काही मुलांबरोबर पाठ्यपुस्तकाबाहेरचे गणित करते. चौमिती घनाचे १६ शिरोबिंदू आणि ३२ कडा मुलांनी स्वतः मोजून काढल्या. पुढच्या एका उदाहरणात मात्र मीच अडले आहे.

सहा सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी खणात साधारण तीन सेंटिमीटर व्यासाच्या कॅरमच्या चार सोंगट्या बसवल्या, की मधल्या फटीत जेमतेम सव्वा सेंटिमीटर व्यासाची चकती मावते. खोक्यात आठ चेंडू बसवले, तर मधला चेंडू त्यांच्या पाऊणपटीहून किंचित लहान येतो. कोपऱ्यातल्या गोलांची त्रिज्या १ आणि खोक्याची बाजू ४ धरली, तर खोक्याच्या मध्यापासून त्या प्रत्येक गोलाचे केंद्र, पायथागोरसच्या सिद्धांतानुसार, मितींच्या संख्येच्या वर्गमुळाइतके दूर असते आणि त्यातून १ वजा केला की मधल्या गोलाची त्रिज्या मिळते. चार मितींत ती नेमकी १ येते, म्हणजे मधला गोल कोपऱ्यातल्या सोळा गोलांएवढाच होतो. नऊ मितींत ती २ होते आणि तो भिंतींना टेकतो. दहा मितींत ती २.१६ होते, पण भिंत मध्यापासून २ अंतरावरच राहते. म्हणजे १०२४ गोलांनी वेढलेला गोल खोक्याबाहेर डोकावतो.

हे फळ्यावर मांडले तेव्हा एका मुलीने विचारले, "बाई, सगळीकडून गोल असताना तो बाहेर पडतो कुठून?" त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही.

घरी आल्यावर मी असा छेद काढून पाहिला: एक अक्ष तसाच ठेवला आणि उरलेल्या सर्व अक्षांचा मिळून होणारा मुख्य कर्ण दुसरा अक्ष म्हणून घेतला. दोन मितींत ४ × ४ चा चौरस मिळतो, पाच मितींत ४ × ८ चा आयत आणि दहा मितींत ४ × १२ चा. कागदावर आयत लांबत जातो, कोपऱ्याकडची चार वर्तुळे दोन्ही टोकांकडे सरकतात आणि मधले वर्तुळ मोकळ्या झालेल्या लांब बाजूंमधून दोन्हीकडे ०.१६ बाहेर येते. हे चित्र पाहून मला फार आनंद झाला, पण त्यात १०२४ पैकी चारच गोल दिसतात. मुलांना एवढा एकच छेद दाखवणे योग्य ठरेल का, की राहिलेल्या १०२० गोलांमुळे एखादी गोष्ट झाकली जाते?

दुसरी शंका घनफळाची आहे. बाहेर डोकावणारा हा गोल, माझ्या हिशेबाने, खोक्याच्या घनफळाच्या जेमतेम अर्धा टक्का भरतो. जास्त मितींतला गोल काटेरी होतो, असे काही जण समजावतात. मला ते पटत नाही, कारण गोल कितीही मितींत बहिर्वक्रच, म्हणजे कुठेही आत न दबलेला, राहतो आणि दूर जातात ते खोक्याचे कोपरे, दहा मितींत मध्यापासून ६.३२ अंतरावर. माझे हे म्हणणे बरोबर आहे का, आणि असल्यास दहावीच्या मुलांना घनफळाचे सूत्र न वापरता ते कसे दाखवता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.