पाऊस लागला की झोप उडते. "निसर्गाकडून शिका" म्हणजे नक्की करायचं काय?

कृष्णाकाठचा_दुकानदार
सांगलीत नदीजवळ दुकान आहे. 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा सगळा माल गेला, 21 ला परत तेच. आता जुलै लागला की रात्री दोन-तीनदा उठून पातळी बघतो, कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते बघतो, छातीत धडधडतं, बायको म्हणते दिवसा पण तुमचं लक्ष नसतं. ग्रुपवर एकजण रोज पाठवतो, निसर्गाकडून शिका, नदीसारखं वाहत राहा. अरे बाबा ती नदीच माझ्या गल्ल्यातून वाहून गेली की! टोमणा नाही, खरंच विचारतोय, असल्याचा कुणाला उपयोग झालाय का?

तासगावचा_बागायतदार
नदीचं माहीत नाही, माझ्या द्राक्षबागेचं सांगतो. एप्रिलमधे खरड छाटणी झाली की बागेकडं बघवत नाही, नुसते ओलांडे, म्हणजे वेलीच्या उघड्या आडव्या फांद्या, नवा माणूस म्हणेल बाग गेली. पण ऑक्टोबर छाटणीनंतर जो घड दिसतो तो खरं तर त्या उन्हाळ्यातच, खरड छाटणीनंतर 40 ते 60 दिवसात काडीच्या डोळ्यात (कळीत) धरलेला असतो, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. त्या वेळी पाणी आणि नत्र जास्त झालं तर नुसता पाला वाढतो. अवकाळीनं माझा एक हंगाम गेला तेव्हा मी पण बागेला जादा पाणी द्यावं तसं स्वतःला कामात जुंपून घेतलं होतं, शेवटी शेजारच्या आण्णांनी दम देऊन घरी बसवलं. आता सकाळी मोबाईल घरी ठेवून बागेत एक चक्कर, कशाला हात लावायचा नाही. बरं वाटतं, एवढंच.

यवतेश्वर_घाट
मी साताऱ्याची, समुपदेशन शिकतेय. आमच्याकडं कास पठाराचं उदाहरण देतात, बघा खडकावर फुलं येतात. पण तिथली दवबिंदू नावाची वनस्पती किडे खाते, कारण त्या पातळ मातीत नत्र पुरेसं नसतं, म्हणजे जे जमिनीत नाही ते ती बाहेरून घेते. एकट्याच्या जिद्दीचं कौतुक मला तरी पटत नाही. दादा, इतकी वर्षं झोप लागत नसेल तर मानसोपचार डॉक्टरांना दाखवाच, आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

हरिपूर_कट्टा
भावा दोनदा बुडालायस, भ्या वाटणारच. मुंग्या पण अंडी घेऊन वर चढतात, त्यांना कोण घाबरट म्हणत नाय. इशारा पातळी 40, धोका 45, म्हणून आम्ही भिंतीवर कागदच लावलाय, 30 ला माल माळ्यावर, 35 ला टेम्पोवाल्याला फोन, 38 ला आई मिरजेला मामाकडं. आकडा सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला बघायचा, मधे नाय. रात्री उठून बघितलं म्हणून पाणी उतरतंय व्हय?

कृष्णाकाठचा_दुकानदार
कागद लावला, टेम्पोवाल्याचा नंबर पण मोठ्या अक्षरात लिहिला. 14416 ला बोललो, सोमवारी डॉक्टरकडं जातोय, बायको बरोबर येते म्हणाली. काल रात्री एकदाच उठलो. 28 फूट होतं.