मदत हवी आहे: क्रॉस-टॅब (दोन घटकांचा संबंध दाखवणारे कोष्टक) तिसऱ्या घटकानुसार कधी विभागावे?

नमस्कार. सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या थीसिसमधील कोष्टके तयार करताना एका मूलभूत मुद्द्यावर अडले आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आधी एक प्रसिद्ध उदाहरण घेते. 1986 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुतखड्यावरील उपचारांची तुलना प्रसिद्ध झाली. तीत ओपन सर्जरी 350 पैकी 273 रुग्णांत, तर पीसीएनएल (त्वचेतील लहान छिद्रातून दुर्बिणीने खडा काढण्याची शस्त्रक्रिया) 350 पैकी 289 रुग्णांत यशस्वी ठरली होती. म्हणजे 78 टक्के विरुद्ध 83 टक्के. मात्र खड्याच्या आकारानुसार कोष्टक विभागले की 2 सेंटीमीटरपेक्षा लहान खड्यांत 87 पैकी 81 विरुद्ध 270 पैकी 234 आणि मोठ्या खड्यांत 263 पैकी 192 विरुद्ध 80 पैकी 55 असे आकडे मिळतात आणि दोन्ही गटांत ओपन सर्जरीच पुढे दिसते, कारण मोठे, अवघड खडे बहुतांशी तिच्याच वाट्याला आले होते. मी गणित करून पाहिले: एकत्रित ऑड्स रेशो (दोन उपचारांतील यश-अपयशाच्या प्रमाणांचे गुणोत्तर; 1 पेक्षा जास्त असल्यास ओपन सर्जरी सरस) 0.75 येतो, तर गटवार ऑड्स रेशोंची भारित सरासरी काढणाऱ्या मँटेल-हेन्झेल पद्धतीने 1.45. दिशाच उलटते. (दोन्ही वेळा पी-मूल्य 0.05 च्या वरच राहते, म्हणजे फरक केवळ योगायोगाचाही असू शकतो, हेही हे उदाहरण देताना सांगायलाच हवे, असे मला वाटते.)

माझ्या कोष्टकात ओळींमध्ये मधुमेही रुग्णांचे साखरेचे नियंत्रण आहे आणि स्तंभांमध्ये पायाची जखम भरली की नाही, हे आहे. दाखल होतानाच्या वॅग्नर श्रेणीनुसार (मधुमेही पायाच्या जखमेच्या तीव्रतेची श्रेणी) विभागणी करणे मला पटते, कारण ती श्रेणी उपचारांआधीच ठरलेली असते. परंतु दाखल झाल्यानंतर जखमेत झालेल्या जंतुसंसर्गानुसारही विभागणी करावी, असे गाईडचे म्हणणे आहे. साखर अनियंत्रित असल्यामुळेच संसर्ग बळावत असेल आणि संसर्गामुळे जखम भरत नसेल, तर तशी विभागणी केल्याने ज्या परिणामाचा शोध घ्यायचा आहे, त्याचाच एक भाग झाकला जाणार नाही का?

दुसरी अडचण अशी, की वरच्या श्रेणींमध्ये रुग्ण थोडे असल्याने काही चौकटींतील अपेक्षित वारंवारता (दोन घटकांत संबंध नसता तर अपेक्षित असलेली रुग्णसंख्या) 5 पेक्षा कमी येते आणि तेथे काय-वर्ग चाचणी (घटकांत संबंध आहे का, हे तपासणारी) विश्वासार्ह राहत नाही. अशा वेळी शेजारच्या श्रेणी एकत्र कराव्यात, की श्रेणी तशाच ठेवून प्रत्येक गटात फिशरची चाचणी (लहान संख्यांसाठीची अचूक चाचणी) वापरावी? श्रेणी एकत्र करायच्या असल्यास तो निर्णय निकाल पाहण्यापूर्वीच घेतलेला असावा का?