मालवण: किल्ला आणि स्नॉर्कलिंग एका सकाळी जमेल का? (नागपूरहून)

महालवासी: डिसेंबरात चौघं निघतोय, त्यात आईचे गुडघे दुखरे. मालवणात दोनच रात्री आहेत. सिंधुदुर्ग, राणीची वेळा आणि स्नॉर्कलिंग एकाच सकाळी बसेल का? गाडी कोणती धरावी?

देवबागकर: बसेल, पण आधी तिथी बघा, मग तिकिटं काढा. तिथीची पाऊणपट करा, आली भरतीची अंदाजे वेळ. त्यापुढे सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. पंचमीला भरती पावणेचारला, म्हणजे सुकती सकाळी दहाच्या आसपास. शुद्ध असो वा वद्य, चतुर्थी-पंचमी धरा. राणीची वेळा ही किल्ल्याच्या तटाच्या पायथ्याची वाळूची पुळण, भरतीत आक्रसते.

आठला स्नॉर्कलिंग उरका. उन्हं चढली की खारा वारा, म्हणजे समुद्रावरचा वारा सुटतो, पाणी हलतं, तळाची रेती उठते आणि प्रवाळ दिसत नाही. मग किल्ला. धक्क्यावरून होडीला 10-15 मिनिटं लागतात. नावाडी वर साधारण तासभरच देतात. जास्त थांबायचं तर चढण्याआधीच बोलून घ्या. बेट 48 एकरांचं, तट तीनेक किलोमीटर, त्यामुळे पूर्ण फेरी विसरा. वळणाचा दरवाजा, चुन्यातले हाता-पायाचे ठसे, शिवराजेश्वर मंदिर, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी, एवढं पुरे. आईंना तटावर चढवू नका, कठडा नाही. खरी अडचण होडीतून उतरताना: पायरी शेवाळलेली आणि होडी डुलती. लाट होडीला वर उचलते, त्या क्षणी पाय टाकायचा. चप्पल नको, पकडीचे सँडल हवेत.

धरमपेठकर: गाडीचं सांगतो. नागपूर-मडगाव विशेष गाडी कुडाळला थांबते, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. पण ती विशेष गाडी आहे, तुमच्या तारखांना धावते का ते आधी तपासा. नाहीतर विदर्भ एक्सप्रेसने मुंबई आणि तिथून रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस. सकाळच्या मांडवी एक्सप्रेसला जोडायचा मोह नको, विदर्भ तासभर लेट झाली की गेलीच ती.

महालवासी: आभार भाऊ. मुलगा स्कुबा म्हणतोय, चष्मा आहे त्याला.

देवबागकर: मास्कखाली चष्मा बसत नाही, काडीच्या फटीतून पाणी शिरतं. सर्दी असेल तर स्कुबा रद्दच. खाली जाताना दर हातभर अंतरावर नाक दाबून हलकी फुंकर मारायची. कान दुखल्यावर नाही, त्याआधी. परत विमानाने येणार असाल तर स्कुबानंतर किमान 12 तास जाऊ द्या. आणि प्रवाळाचा तुकडा खिशात घालू देऊ नका. 1987 पासून मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य आहे, पडलेला तुकडा उचलणंही गुन्हा.