चंद्राला खळं पडलं की पाऊस?

काल चंद्राभोवती मोठं खळं होतं. आजी म्हणायची, "खळं पडलं, कपडे आत घ्या." घेतले. सकाळी लख्ख ऊन! ही नुसती समजूतच का?

उत्तर १: नुसती नाही. उंचावरच्या विरळ ढगांतल्या षट्कोनी बर्फकणांतून प्रकाश वळतो, म्हणून खळं. त्रिज्या साधारण 22 अंश. हात लांब करून बोटं फाकवली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढं, जवळपास तेवढी. असे ढग बऱ्याचदा पावसाच्या पुढे येतात. बऱ्याचदा हं, नेहमी नव्हे.

उत्तर २: चंद्राला चिकटलेलं, रंगीत कडं तर नव्हतं? ते पाण्याच्या थेंबांचं, वेगळं.

नाही हो, चांगलं ऐसपैस होतं. मग आज कपडे?

उत्तर १: ढग दाटत गेले तर आत. निवळलं तर राहू द्या.